ऐकू येत नाही, पैसेही बेताचे, आणि परदेशी जायचंय

मागच्या दोन भागांत आपण पासपोर्टचं नूतनीकरण आणि ज्येष्ठांच्या सहली हे विषय घेतले. त्यावर नागपूरहून एका आईंनी लिहिलं, ‘माझा मुलगा बधिर आहे, चोवीस वर्षांचा आहे, कमावता आहे. त्याला परदेशी जायचंय. पैसे फार नाहीत आणि आम्ही सोबत जाऊ शकत नाही. त्याला कसं पाठवायचं?’ इंदूरहून आणि बेळगावहूनही जवळजवळ हाच प्रश्न आला. आजचा भाग त्यावर आहे. व्हिडिओखाली अक्षरं दिली आहेतच, पण हे सगळं आता पुस्तकरूपानेही वाचायला मिळतंय. ज्यांच्यासाठी हा भाग आहे त्यांना माझा आवाज असला काय आणि नसला काय, सारखंच.

एक शब्द आधीच बाजूला ठेवतो. ‘मूकबधिर’ हा शब्द मी वापरणार नाही. जो माणूस हातांनी, चेहऱ्याने, अख्ख्या अंगाने दिवसभर बोलत असतो तो मुका कसा? कायद्याच्या भाषेत, म्हणजे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, दोन्ही कानांनी ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त ऐकू न येणाऱ्याला बधिर म्हटलं आहे, आणि ६० ते ७० च्या मधल्यांना कमी ऐकू येणारे. मी तोफखान्यातला. माझा डावा कान नोकरीनेच खाल्ला. पण मला बधिरांमध्ये धरू नका. मी मराठी ऐकत वाढलो. जन्मापासून न ऐकणाऱ्याची गोष्ट निराळी असते. त्याची पहिली भाषा खुणांची, आणि मराठी किंवा इंग्रजी ही त्याने कष्टाने शिकलेली वाचायची भाषा.

हे मला कळलं ते माझ्या पुतणीमुळे. ती सव्वीस वर्षांची आहे, पुण्यात एका छापखान्यात मजकुराची मांडणी करते. जन्मापासून ऐकू येत नाही. यंत्र वापरत नाही, खुणांनी बोलते. दीड वर्षापूर्वी तिने घरी जाहीर केलं की श्रीलंकेला जायचंय, एकटीने. माझा धाकटा भाऊ, तिचा बाप, दोन दिवस जेवला नाही. मग मला फोन केला, ‘दादा, तू तिला समजाव.’ तिने त्याच संध्याकाळी मला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, ‘काका, तुम्ही बाबांना समजवा.’

भावाचं म्हणणं होतं की कुणीतरी सोबत जावं. इथे आपण थोडा हिशेब करू, कारण सगळा प्रश्न त्या हिशेबात आहे. सोबत माणूस म्हणजे दुसरं तिकीट, दुसरा व्हिसा, दुसरं जेवण. खर्च दुप्पट झाला की बेताचा प्रवास बेताचा राहत नाही, आणि मग तो होतच नाही. आपल्याकडे रेल्वे ऐकू आणि बोलता न येणाऱ्या प्रवाशाला स्लीपर आणि दुसऱ्या वर्गात ५० टक्के सवलत देते, आणि सोबतच्या एका माणसालाही तेवढीच देते. चांगली गोष्ट आहे. पण त्यातून घरच्यांच्या डोक्यात एक समजूत पक्की बसते, की बधिर माणूस म्हणजे अधिक एक. देशाची सीमा ओलांडली की ती सवलत संपते. समजूत मात्र सोबत येते.

आता मुद्द्याची गोष्ट. मी तिच्याबरोबर बसून हा प्रवास आखला तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. जगात स्वस्त गोष्टी आवाजावर चालतात आणि महाग गोष्टी लिहून चालतात. बघा ना. बस स्वस्त, पण कुठे जाते ते कंडक्टर ओरडून सांगतो. अ‍ॅपवरची टॅक्सी महाग, पण नकाशा, भाडं, गाडीचा नंबर सगळं पडद्यावर. घरगुती खानावळीत ताट स्वस्त, पण ‘आज काय आहे’ हे तोंडी. मोठ्या हॉटेलात छापलेलं मेन्यूकार्ड. लहान गेस्ट हाउस फोनवर ठरतं, घासाघीसही फोनवर. महागडी खोली इंटरनेटवर दोन टिचक्यांत मिळते. म्हणजे न ऐकणाऱ्या माणसाने डोकं न चालवता प्रवास केला तर त्याला प्रत्येक पावलाला थोडे जास्त पैसे पडतात. हा एक कर आहे, कुठल्याही पावतीवर न दिसणारा. बेताच्या पैशांत प्रवास करायचा म्हणजे या बोलघेवड्या स्वस्त गोष्टी एकेक करून लिखित कशा करायच्या, एवढाच प्रश्न. त्याचं उत्तर निघालं की सोबतीच्या माणसाची गरज बहुतेक संपते.

आमच्या या भागातला इतिहासच बघा. तंजावरचे सरफोजी राजे १८२० च्या सुमारास काशीयात्रेला निघाले तेव्हा बरोबर सुमारे तीन हजारांचा लवाजमा होता. त्याच काळात इंग्लंडात प्लिमथ गावी जॉन किटो नावाचा गरीब गवंड्याचा मुलगा होता. बारा-तेरा वर्षांचा असताना शिडीवरून पडला आणि पार बहिरा झाला. तो १८२९ मध्ये बगदादला गेला आणि १८३३ मध्ये परत आला, पुढे लेखक म्हणून नाव कमावलं. किटोकडे ना लवाजमा ना पैसा. तो एका कुटुंबाबरोबर मुलांचा शिक्षक म्हणून गेला होता. कागद-पेन्सिल हीच त्याची फौज.

मी राहतो तिरुवैयारूत. माझी पत्नी तंजावरच्या मराठी घरातली, त्यामुळे निवृत्तीनंतर कावेरीकाठी आलो. तंजावरपासून तेरा किलोमीटर. गाव त्यागराजांचं. त्यांनी १८४७ मध्ये इथे देह ठेवला, आणि दर वर्षी, बहुधा जानेवारीत, त्यांच्या समाधीपाशी आराधना होते. संगीताच्या गावात बधिर मुलीची तयारी करून घ्यायची, याला शेजारी हसले. पण मराठी माणसाला परदेशाची रंगीत तालीम करायला तामिळनाडूसारखी जागा नाही. पाट्या तमिळ, बसवरचं गाव तमिळमध्ये, हिंदीचा आधार फारसा नाही. भाषा कळत नाही, लिपी वाचता येत नाही, आणि तरी पासपोर्ट लागत नाही! फौजेत कुठल्याही मोहिमेआधी तशाच जमिनीवर सराव करतात. आम्ही तेच केलं.

जानेवारीत ती पुण्याहून एकटी आली. पहिलं काम दिलं ते असं: तंजावरच्या जुन्या बसस्टँडवरून साध्या टाउन बसने तिरुवैयारूला यायचं, इथलं प्रसिद्ध अशोका हलवा पाव किलो घ्यायचं, अय्यारप्पर मंदिर शोधायचं, आणि तिथून घरी. फोन करून कुणाची मदत घ्यायची नाही. मी घरी बसून राहिलो. भावाला हे आधी सांगितलं नव्हतं.

ती अडीच तासांनी आली. बसला पैसे लागले नाहीत, कारण इथे २०२१ पासून साध्या टाउन बसमध्ये बायकांना प्रवास मोफत असतो. पण तिला ते माहीत नव्हतं, ती वीसची नोट पुढे करत राहिली आणि कंडक्टर हात हलवत राहिला. तिला वाटलं बस तिकडे जात नाही, म्हणून ती उतरली. दुसऱ्या बसमध्येही तेच. तिसऱ्या वेळी तिने फोनवर ‘तिरुवैयारु’ तमिळ लिपीत मोठ्या अक्षरांत उघडून धरलं, तेव्हा कंडक्टरने मान डोलावली आणि स्वतःच्या शेजारी बसवलं. या एका सकाळीत आम्हाला चार गोष्टी मिळाल्या ज्या कुठल्या पुस्तकात मिळाल्या नसत्या. एक, नकारार्थी हलवलेला हात म्हणजे ‘पैसे नकोत’ की ‘गाडी जात नाही’ हे खुणेवरून कळत नाही, म्हणून प्रश्न एका वेळी एकच विचारायचा. दोन, ठिकाणाचं नाव त्यांच्या लिपीत, मोठ्या अक्षरांत, आधीच तयार पाहिजे. रस्त्यावर टाइप करत बसायला वेळ नसतो. तीन, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवलेला असला की आपला निळा ठिपका सरकताना दिसतो आणि कुठे उतरायचं हे विचारावंच लागत नाही. बसचा तोंडी कारभार लिखित करणारी याहून स्वस्त गोष्ट नाही. आणि चार, हलव्याच्या दुकानात वजनकाट्यावरचा आकडा दिसतो, त्यामुळे तिथे तिला काहीच अडचण आली नाही. जिथे आकडा दिसतो तिथे बधिर माणूस आणि आपण बरोबरीचे.

आराधनेच्या दिवशी पंचरत्न कृती गातात तेव्हा शेकडो गायक समोरासमोर रांगांनी बसतात. मी तिला मुद्दाम नेलं नव्हतं, तीच आली. पाचही कृती आदितालात आहेत. ताल हातावर धरतात: टाळी, मग करंगळीपासून बोटं मोजायची, पुन्हा टाळी, हात उलटा. एवढे सगळे हात एकाच वेळी उलटे होतात. दहा मिनिटांत ती रांगेत बसून अचूक ताल धरत होती. शेजारच्या आजींनी तिला काहीतरी विचारलं, बहुधा कुणाकडे शिकतेस असं. तिने कार्ड दाखवलं.

त्या कार्डाबद्दल सांगतो. पोस्टकार्डाएवढं, पिवळं, प्लॅस्टिकमध्ये. एका बाजूला इंग्रजी, तमिळ आणि सिंहली अशा तीन भाषांत तीनच वाक्यं: मला ऐकू येत नाही. माझ्याकडे बघून, लिहून किंवा खुणेने सांगा. तुमचे आभार. श्रीलंकेत सरकारी पाट्या या तीन भाषांत असतात, म्हणून तीन. दुसऱ्या बाजूला रक्तगट, घरचे दोन संपर्क आणि ‘यांना फक्त मेसेज करा’ ही सूचना. भाषांतर यंत्रावर सोडू नका. त्या भाषेच्या माणसाकडून एकदा तपासून घ्या. तमिळ बाजू आमच्या सौंनी तपासली, सिंहली बाजूसाठी ओळखीतला एक माणूस शोधला.

हे कार्ड गळ्यात, छातीवर दिसेल असं अडकवायचं, खिशात नाही. का, ते फौजी माणूस म्हणून सांगतो. संत्री रात्री हाक देतो, त्याला आपल्याकडे ‘हुकमदार’ म्हणतात. ‘हू कम्स देअर’ या इंग्रजी हाकेचं ते जवानांनी केलेलं रूप. हाक दिली की समोरच्याने थांबायचं आणि उत्तर द्यायचं. आता ज्याला हाक ऐकूच येत नाही तो चालत राहतो. हाक देणाऱ्याच्या दृष्टीने तो हुकूम मोडतोय. जगभर पोलीस आणि बधिर माणूस यांच्यात जे गैरसमज होतात ते बहुतेक इथून सुरू होतात. म्हणून वर्दीतला माणूस समोर आला की जागच्या जागी थांबायचं, दोन्ही हात दिसतील असे ठेवायचे, एका हाताने आधी कानाकडे आणि मग छातीवरच्या कार्डाकडे बोट दाखवायचं. झटकन खिशात हात घालायचा नाही. आमच्या अंगणात हा सराव आम्ही वीस वेळा केला. मी पाठीमागून यायचो, ती वळून बघायची, थांबायची. तिला कंटाळा आला. मला नाही आला.

आता श्रीलंकाच का? तिचं कारण साधं होतं, नकाशात जवळ दिसतं. पण निवड चांगली होती. पहिल्या परदेशप्रवासाला माझ्या मते देश निवडताना तीन गोष्टी बघाव्यात: पाट्या आपल्याला वाचता येतील अशा लिपीत आहेत का, पैशांचा व्यवहार दिसणारा आहे का, आणि बिनसलं तर एका दिवसात घरी येता येतं का. नेपाळही या कसोटीला उतरतं. तिथे भारतीयांना मतदार ओळखपत्रावर जाता येतं आणि पाट्या देवनागरीत, म्हणजे मराठी वाचणाऱ्या बधिर माणसाला घरच्यासारखं. पासपोर्ट नसलेल्यांनी तिथूनच सुरुवात करावी. श्रीलंकेत इंग्रजी पाट्या आहेत, फेब्रुवारी २०२४ पासून आपलं यूपीआय तिथल्या बऱ्याच दुकानांत चालतं, म्हणजे रक्कम पडद्यावर दिसते. आणि आम्हाला नागपट्टिनम जवळ. तिथून जाफनाच्या उत्तरेला कांकेसंतुरै बंदरापर्यंत प्रवासी बोट ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, पावसाळ्यामुळे लगेच थांबली, आणि ऑगस्ट २०२४ पासून पुन्हा चालू लागली. साधारण चार तासांचं पाणी. ईशान्य मान्सूनमध्ये, म्हणजे ऑक्टोबरनंतर, समुद्र खवळला की ती बंद ठेवतात. परतीसाठी कोलंबोहून तिरुचिरापल्लीचं विमान.

जाफना म्हटल्यावर भाऊ पुन्हा गप्प झाला. त्याचं कारण मी होतो. १९८८ मध्ये शांतिसेनेबरोबर मी त्या भागात होतो. माझी पत्रं त्याने तेव्हा वाचली होती. आपले अकराशेवर जवान त्या बेटावर गेले, पलालीला त्यांचं स्मारक आहे. पण त्याला सदतीस वर्षं झाली. मी भावाला एवढंच म्हटलं की जुन्या भीतीवर नवा नकाशा काढू नये. पुतणीला मात्र एक गोष्ट बजावली: पलाली-कांकेसंतुरै पट्ट्यात अजून लष्करी हद्दी आहेत. तारेचं कुंपण आणि फलक दिसला की तिथूनच मागे वळायचं, फोटो काढायचा नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्टला बधिर व्यक्तीसाठी वेगळा नियम नाही. छत्तीस पानांचा दहा वर्षांचा पासपोर्ट १५०० रुपयांत होतो. पासपोर्ट सेवा केंद्रात टोकन नंबर पडद्यावर येतो, त्यामुळे आत अडत नाही. अडतं ते पोलीस पडताळणीत, कारण ठाण्यातून फोन येतो. तो उचलणारं कुणी घरात असावं, किंवा आपणच ठाण्यात जाऊन कार्ड दाखवून यावं. श्रीलंकेची प्रवास-परवानगी ऑनलाइन काढतात, तिचे नियम आणि शुल्क वरचेवर बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यात तिथल्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा. यूडीआयडी कार्ड तिकडे सवलत मिळवून देत नाही, तरी न्या. सरकारी शिक्क्याचा कागद बघितला की अधिकाऱ्याची शंका फिटते.

विमानाचं तिकीट काढताना विमान कंपनीला कळवा. त्यांच्या यंत्रणेत बधिर प्रवाशासाठी ठरलेला संकेत आहे, डी-ई-ए-एफ अशी चार अक्षरं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे मदत हवी असल्यास ४८ तास आधी सांगायचं असतं. हा संकेत पडला की गेट बदललं तर कुणीतरी येऊन सांगणं अपेक्षित असतं. अपेक्षित म्हणतो, कारण बरेचदा येते ती चाकाची खुर्ची. ऐकू न येणाऱ्या धडधाकट मुलीसमोर खुर्ची आणून उभे राहतात. रागावू नका, हसून नको म्हणा, आणि गेटवरच्या माणसाला कार्ड दाखवून त्याच्या नजरेसमोरची जागा धरा.

बँकेचं काम मात्र मनापासून करा, कारण तिथे खरी फजिती होते. परदेशात कार्ड चालू करणं, मर्यादा ठरवणं हे सगळं निघण्याआधी अ‍ॅपमधून करून, एकदा वापरून बघा. आपला भारतीय नंबर तिकडे मेसेज घेण्यापुरता चालू राहिला पाहिजे, नाहीतर ओटीपी येणार नाही. कार्ड हरवलं तर ते बंद करण्याची सोय अ‍ॅपमध्ये किंवा मेसेजवर आहे का, हे तपासा. हेल्पलाइनवर ‘इंग्रजीसाठी एक दाबा’ ऐकणारं कुणी नसतं. प्रवासविम्याचंही तसंच. हप्ता पन्नास रुपयांनी कमी म्हणून अशी कंपनी घेऊ नका जिचा दावा फक्त फोनवर नोंदवता येतो. आणि तिकडचं सिम घेताना डेटा जास्तीचा घ्या. आपण घरी फोनवर बोलतो. खुणांनी बोलणाऱ्याला व्हिडिओ कॉलच करावा लागतो, आणि त्याला डेटा भरपूर लागतो. समोरचा बोलेल ते पडद्यावर लिहून दाखवणारं लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे अ‍ॅप २०१९ पासून फुकट मिळतं आणि मराठी, तमिळसुद्धा पकडतं. गर्दीत आणि वाऱ्यात चुकतं. त्याच्यावर औषधाचा डोस ठरवू नये.

रात्रीचा प्रश्न बायकांना जास्त भेडसावतो. दारावरची थाप ऐकू येत नाही, आग लागली तर घंटा ऐकू येत नाही. उशीखाली ठेवायचं थरथरणारं घड्याळ मिळतं, ते घ्या. हातातला फिटनेस बँडही चालतो. खोली घेताना मालकाला लिहून सांगा की काही झालं तर दार न ठोठावता मेसेज करा, आणि आणीबाणीत दुसऱ्या किल्लीने दार उघडून दिवा लावा. म्हणजे मालक भरवशाचा पाहिजे. म्हणून आम्ही खोल्या निवडताना भाड्याआधी हे बघितलं की मालकाने लोकांच्या लेखी प्रश्नांना किती लवकर उत्तरं दिली आहेत. लिहिणारा मालक मिळाला की फोनवरच्या स्वस्त खोलीइतकीच स्वस्त खोली लिहून मिळते. दोघी-तिघी मिळून जाणार असाल तर आमची जुनी युक्ती घ्या. दबा धरून बसलेल्या तुकडीत जवान एकमेकांच्या मनगटाला दोरी बांधतात. एक झटका म्हणजे सावध. शेजारच्या खाटेवरच्या मैत्रिणीला उठवायला याहून भरवशाचं साधन नाही आणि किंमत पाच रुपये.

खुणांची भाषा जगभर एकच असते असा समज आहे, तो काढून टाका. आपली भारतीय सांकेतिक भाषा वेगळी, श्रीलंकेची वेगळी, नेपाळची वेगळी. आपण इंग्रजी अक्षरं दोन हातांनी दाखवतो, नेपाळी बधिर लोक देवनागरी अक्षरं एका हाताने दाखवतात. पण दोन देशांतले बधिर भेटले तर अर्ध्या तासात त्यांचं जमतं. आपल्याला दोन महिने लागतील. त्यांना न कळणाऱ्या माणसाशी बोलायची जन्मभराची सवय असते. हा त्यांचा प्रवासातला सर्वांत मोठा फायदा आहे, आणि तो फुकट आहे. जागतिक बधिर महासंघ १९५१ पासून आहे, त्याच्या यादीत देशोदेशीचे राष्ट्रीय संघ सापडतात, श्रीलंकेचाही आहे. महिनाभर आधी पत्र टाकावं. पुतणीला तिच्या पुण्यातल्या मैत्रिणीच्या ओळखीने कोलंबोत एक बधिर जोडपं भेटलं. त्यांनी तिला त्यांच्या बाजारात नेलं, ज्या बाजारात मी इतकी वर्षं फिरलो असतो तरी मला भाव कळले नसते.

आता पैसे. हे तिचे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील. एकूण ४२,००० रुपये. फौजेत दोन तुकड्या पुढे आणि एक मागे राखीव ठेवतात. तसेच तीनातले दोन भाग खर्चाला, एक भाग राखीव. म्हणजे १४,००० रुपयांना हात लावायचा नाही. उरलेल्या २८,००० मध्ये बोट आणि परतीचं विमान मिळून १४,०००, सात रात्रींच्या खोल्या ६,३००, जेवण आणि तिथला प्रवास ५,६००, विमा ६००, सिम ५००, आणि हजारभर किरकोळ. तीन रात्री जाफना, दोन अनुराधपुर, दोन कोलंबो. एका भारतीय रुपयाला तेव्हा साधारण साडेतीन श्रीलंकन रुपये पडत होते, हा पाढा तिने पाठ केला होता.

ती जुलैत गेली. घराशी ठरलं होतं की सकाळी आठ आणि रात्री नऊ, दोन ओळींचा अहवाल: कुठे आहे, पुढे कुठे. रात्रीचा अहवाल नाही आला तर दहा वाजता तिला मेसेज, अकराला खोलीच्या मालकाला मेसेज, आणि सकाळी आठपर्यंत काहीच नाही कळलं तरच आपल्या वकिलातीला मेल. जाफन्यात आपला वाणिज्य दूतावास आहे, कोलंबोत उच्चायुक्तालय. हा क्रम कागदावर लिहून भावाने फ्रिजवर लावला. त्या कागदाने त्याला जेवढा धीर दिला तेवढा माझ्या भाषणांनी दिला नाही. काळजी करायची वेळ ठरवून दिली की मधला वेळ माणूस कामाला लागतो.

एकदा क्रम अकरापर्यंत गेला. एका स्टेशनवर कोलंबोच्या गाडीचा प्लॅटफॉर्म ऐनवेळी बदलला. घोषणा झाली असणार. तिला दिसली ती फक्त लोकांची पांगापांग, आणि ती कशाची हे समजेपर्यंत गाडी गेली. पुढची सोयीची गाडी सकाळी. खोली शोधण्यात फोनची बॅटरी संपली. अकराला मालकाला मेसेज गेला, कोलंबोचा मालक म्हणाला आलेली नाही, भाऊ उठून बसला. अकरा वीसला तिचा अहवाल आला. त्या रात्रीची जादा खोली १,१०० रुपये, कोलंबोतली वाया गेलेली रात्र ९००, नवं तिकीट ३००. बंदरातून जाफना गावात जायला पहिल्या दिवशी रिक्षाला हजार रुपये गेले होते, ते धरून राखीव पैशांतले ३,३०० खर्च झाले. १०,७०० परत आले.

त्या गाडीवरून तिने स्वतःच एक नियम काढला, तो सांगून थांबतो, कारण तो माझ्या कुठल्याही युक्तीपेक्षा बरा आहे. फलाटावर पोचलं की त्याच गाडीचं तिकीट असलेला एक माणूस शोधायचा, शक्यतो मुलंबाळं आणि भरपूर सामान असलेलं कुटुंब. त्यांना आपलं तिकीट आणि कार्ड दाखवायचं, आणि त्यांच्या बॅगांवर डोळा ठेवायचा. सामान हललं की आपण हलायचं. भरपूर सामानवाले लोक घोषणा फार लक्ष देऊन ऐकतात, असं तिचं म्हणणं. पुढच्या वर्षी तिला काठमांडूला जायचंय, आणि या वेळी तिने बापाला विचारलंय, येणार का म्हणून. त्याचं तिकीट त्याने काढायचं.